गलबताला लावलेला हूक

आमच्या गाडीला हूक लावायचं ठरलं ते एका कावळ्यामुळे. हे सांगितलं की माणसं हसतात. हसोत बापडी. परवा माझा नातूही हसला. "दादी, आप भी ना!" म्हणाला. मोहालीत जन्मलेलं पोर ते, मराठी सगळं कळतं त्याला, पण तोंडातून निघतं हिंदीच. कावळ्याचा आणि मोटारगाडीचा संबंध काय, हे त्याला हिंदीतून समजावायला गेले आणि माझंच मला जमेना. निम्म्यात गप्प बसले. तेव्हा म्हटलं, आपल्या भाषेत एकदा लिहून टाकावं. ज्याला वाचायचं तो वाचील.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. बाबा केंद्र सरकारच्या खात्यात इंजिनिअर. बदली होऊन चंदीगडला आलो आणि त्यांनी एका निवृत्त कर्नलसाहेबांची जुनी अमेरिकन गाडी घेतली. ती एवढी लांब की क्वार्टरच्या फाटकातून आत घेतली तरी शेपूट रस्त्यावर राहायचं. पुढेमागे सोफ्यासारख्या सलग सीटा, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. आई म्हणाली, "हा हत्ती पोसायचा कुणी?" पण विनूने, माझ्या थोरल्या भावाने, पहिल्याच दिवशी तिचं नाव गलबत ठेवून टाकलं. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. त्यामुळे ते नाव लगेच चिकटलं. आता डावीकडे बसून गाडी चालवायची म्हणजे पुढे ट्रक आला की त्याच्यापलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने बघून सांगावं लागतं. पुढे आई बसायची, पण गाडी सुरू झाली की तिचा डोळा लागायचा. म्हणून ते काम विनूचं. मागच्या सीटवर उजव्या कडेला बसून, खिडकीतून अर्धा बाहेर डोकावून तो ओरडायचा, "बाबा, मोकळं! निघा!" बाबा जगात कुणाचं ऐकत नसत, साक्षात त्यांच्या साहेबाचंही नाही. पण त्या एका हाकेवर ते बेधडक गाडी बाहेर काढायचे. अजूनही लेकाच्या गाडीत मी मागे उजवीकडे बसत नाही. सून म्हणते, आईंना डावीकडचंच लागतं.

सारख्या बदल्यांमुळे आमच्या घरात लाकडी खोक्यांचा ढीग असायचा. सामान बांधायची ती खोकी आई जिवापाड जपायची, आणि प्रत्येक खोक्यावर बाबांच्या हातची काळ्या रंगातली गावांची नावं. जबलपूर, कोटा, डेहराडून. त्या खोक्यांच्या फळ्या काढून विनूने मागच्या पडवीत होडी बांधायला घेतली. इंजिनिअरिंगला होता तो, पण पुस्तकापेक्षा हातोडी लाडकी. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ठक ठक ठक. आई आतून ओरडायची, "मेल्या, कान किटले रे माझे! जेवायला ये." तो यायचा, तोंडात दोन खिळे धरलेले, तसाच पाटावर बसायचा. कुळथाचं पिठलं आणि भात. सोडे भाजले की शेजारच्या साहनी आंटी पदराने नाक दाबून खिडकी लावून घ्यायच्या, आणि विनू मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आंटीजी, आज खाना हमारे यहाँ!" त्याचं म्हणणं होतं, सुखना तलावात खाजगी होडी घालू देत नाहीत तर नको, आपण गलबताला मागे हूक लावू, ट्रॉलीवर होडी चढवू आणि कुठल्यातरी वाहत्या पाण्यात नेऊन सोडू. बाबा चष्म्यावरून बघायचे. "पहिली गोष्ट, गाडीला हूकबीक लागणार नाही. सरकारी माणूस होड्या ओढत हिंडला तर लोक काय म्हणतील? दुसरी गोष्ट, ही तरंगणार नाही. लिहून देतो." विनू नुसता हसायचा. त्यांचं हे भांडण जेवणाबरोबर लोणच्यासारखं रोज असायचं.

त्या उन्हाळ्यात विनूला कावीळ झाली आणि तो गेला. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

दहावा घग्गरच्या काठावर केला. गावाहून काका आले होते. भटजी म्हणून बाबांच्याच ऑफिसातले जोशीकाका, कारण तेव्हा चंदीगडात आमच्या पद्धतीने पिंडदान करणारं दुसरं कोण मिळणार? नदीला पाणी बेताचंच, बाकी सगळी वाळू आणि गोटे. पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. पलीकडच्या शिरसाच्या झाडावर चांगले दहा-बारा बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. आमच्याकडे समजूत अशी की कावळा पिंडाला शिवला नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय. ते काय असेल ते ओळखायचं आणि तसं कबूल करायचं. काका म्हणाले, "विनायका, तुझ्या आईबापाला आम्ही अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. आई हात जोडून म्हणाली, "शुभाला भरपूर शिकवू रे, तुझ्यासारखं." शुभा म्हणजे मी. तरीही नाही. ऊन चढत गेलं. बाबा लांब उभे होते, पाठीमागे हात बांधून. त्यांचा या कशावर विश्वास नव्हता. कावळ्याला भूक लागली की तो येतो, यापलीकडे त्यात काही नाही, हे ते जन्मभर सांगत आले होते. शेवटी जोशीकाकांनी दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. पण ज्यांच्या घरी तसं होतं त्यांच्या मनाला ते जन्मभर लागून राहतं. जोशीकाका दर्भाला पीळ देऊ लागले तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा."

पुढे आले. पिंडाकडे न बघता, झाडाकडे तोंड करून, ऑफिसात हुकूम सोडावा तशा आवाजात म्हणाले, "विन्या, गाडीला हूक लावतो. होडी पाण्यात घालतो." आणि एक कावळा उडाला, सरळ खाली आला आणि भाताला चोच मारून गेला. आईने जो हंबरडा फोडला तो त्या दहा दिवसांतला पहिला. बाबा तसेच उभे, हात पाठीमागेच. परतताना गाडीत मागे उजवीकडची जागा रिकामी होती. पुढे मुंगीच्या पावलांनी चालणारा एक भुशाचा ट्रक होता. बाबा घरापर्यंत त्याच्या मागेच राहिले.

हूक लावायचं काम निघालं इंडस्ट्रियल एरियात. आता तिथं काचेचे शोरूम आहेत, तेव्हा पत्र्याच्या शेड होत्या आणि दिवसभर ग्राइंडरचा किरकिराट. आईने मला बाबांबरोबर धाडलं. "एकटे नकोत गो ते. तू जा, नुसती बसून राहा." करतार मिस्त्री म्हणून एक धिप्पाड सरदारजी होते. त्यांनी जन्मात मोटारीला हूक लावला नव्हता, पण नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ओ जी, ट्रैक्टर को लगाते हैं तो इसको क्यों नहीं?" असं म्हणून त्यांनी हूक सरळ मागच्या बंपरला ठोकला आणि मिशीवर ताव दिला. बाबा म्हणाले, बंपर ओढ घेणार नाही, खालच्या सांगाड्याला, चेसीला लावा. मिस्त्री म्हणाले, देखते जाओ. एका लष्करी लिलावातली दोन चाकांची ट्रॉली बाबांनी मिळवली होती, ती जोडली, गाडी निघाली आणि फाटकापर्यंत जाते न जाते तोच धाडकन आवाज झाला. गाडी पुढे, आणि ट्रॉली बंपरसकट मागे! मिस्त्रींनी पगडी सावरली. "साब जी, बंपर ही कच्चा था." मला हसू आलं. विनू गेल्यावरचं ते पहिलं हसणं, आणि हसले म्हणून लगेच रडूही आलं.

मग बाबांनी रीतसर नकाशा काढला. बंपर बाजूला ठेवून चेसीच्या दोन्ही दांड्यांना लोखंडी पट्ट्या, मध्ये जाड प्लेट, त्यावर लेथवर कातून काढलेला पोलादी गोळा. ट्रॉलीच्या तोंडाला बसवलेली वाटी त्या गोळ्यावर बसायची, आणि वाटी निसटलीच तर धरून ठेवायला साखळी. प्लेटची उंची ठरवायला मिस्त्री टेप घेऊन गाडीखाली शिरले. एकदा मापलं, दोनदा मापलं. आणि खालून त्यांचा आवाज आला, "साब जी, पिछले बंदे नूं उतारो पहलां. नाप गलत आ रया है."

मागच्या माणसाला आधी उतरवा, म्हणत होते. मी स्टुलावर बसले होते तिथून गाडी पूर्ण दिसत होती. आत कुणीही नव्हतं. बाबा गाडीजवळ उभे होते. ते म्हणाले, "कोई नहीं है." मिस्त्री खालून बाहेर आले, कपाळाला ग्रीस. "है कैसे नहीं? राइट साइड बैठी हुई है." आणि मग आम्हालाही दिसलं. गाडी मागून उजव्या अंगाला चांगली दबली होती. कुणी बसलं की जेवढी दबते तेवढीच. ग्राइंडर चालू होता, पोरं ओरडत होती, भर दुपार होती. करतार मिस्त्रींनी काच चढवलेल्या खिडकीतून रिकाम्या सीटकडे बघितलं, मग बाबांकडे. आणि हळूच "वाहेगुरू" म्हणाले.

कारण होतं, अर्थातच. मागच्या उजव्या चाकावरच्या पाट्याची, म्हणजे स्प्रिंगची, एक पट्टी मधोमध मोडली होती. बाबांनी वाकून ती स्वतः पाहिली, बोट लावून पाहिली. "पाटा तुटलाय," मला म्हणाले, दोनदा म्हणाले. पाटा बदलल्याशिवाय ट्रॉली ओढणं शक्य नव्हतं. बाबा बराच वेळ तिथं उकिडवे बसून राहिले. मग उठून म्हणाले, "बदल दो."

नवा पाटा आणि नवा हूक घेऊन गलबत घरी आलं तेव्हा आई फाटकात उभी होती. तिने हुकाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवली. ते दबलेपण तिला केव्हाच दिसलं होतं, कुणाला बोलली नव्हती एवढंच. रोज तुळशीला पाणी घालून परतताना ती त्या अंगाला हात लावून येते हे मी बघत होते, मला वाटायचं धूळ बघते. आता तिने उजव्या मडगार्डवर तळवा ठेवला आणि दाबलं. गाडी दबली नाही.

"उतरवलंत त्याला?" ती बाबांना म्हणाली.

"अगं, पाटा तुटला होता."

"तुम्ही उतरवलंत त्याला. आता होडीला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

झालं. तिथून जे सुरू झालं ते फार वाईट होतं. बाबांनी शब्द दिला होता, तोही कावळ्यासमोर, आणि तो मोडला तर विनू अडकून पडेल असं त्यांना, त्यांना हो, मनापासून वाटायला लागलं होतं. आई, जिने आयुष्यभर एक संकष्टी चुकवली नाही, ती म्हणायची, "अडकून पडला तर पडू दे. माझ्या घरात पडू दे." ट्रॉली फाटकाशी उभी. होडी पडवीत उभी. उन्हाने लाकूड तापलं की दुपारी फळ्या वाजायच्या. ठक. मग बऱ्याच वेळाने पुन्हा ठक. आई ताटं वाढता वाढता थांबायची. एकदा तर तोंडातून निघून गेलं तिच्या, "विनू, पुरे, जेवायला ये." मी आणि बाबा पानावर बसलो होतो. बाबांनी घास तसाच ताटात ठेवला.

आणि तरीही आई रोज होडीत पाणी ओतायची. खाडीकाठची बाई ती. कोरडी होडी उन्हात ठेवली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि ती कायमची वाया जाते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नळ सकाळीच जायचा, म्हणून पहाटे भरून ठेवलेल्या बादल्या दुपारी नेऊन ती होडीत रिकाम्या करायची. साहनी आंटींनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "बेटा, तुम्हारी मम्मी ठीक तो हैं?" मी म्हटलं, ठीक आहे. काय सांगणार होते? होडी जाऊ द्यायची नाही आणि वाळूही द्यायची नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं.

मग आईला ताप आला. हिवतापाने पार झोपवलं तिला. दुसऱ्या दुपारी मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवत होते आणि मागून पाण्याचा आवाज आला. आईने डोळे उघडले. खिडकीतून पडवी दिसायची. बाबा होते. रजेवर होते ते. पायजमा वर खोचलेला, हातात बादली. घरात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला न घेणारा माणूस होडीत पाणी ओतत होता, सांध्या-सांध्यावर, सावकाश, आणि बोलत होता. "विन्या, सांगून ठेवलंय तुला. तरंगणार नाही ही. पण बघू. बघू काय होतं ते." पुन्हा भरलेली बादली आणायला गेले, पुन्हा आले. "तुझी आई बरी होऊ दे जरा." आई ऐकत पडून राहिली. संध्याकाळी बाबा चहा घेऊन आले तेव्हा कूस न वळवता ती म्हणाली, "येत्या रविवारी जाऊ."

रोपडला सतलज आहे. तिथं बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी रुंद आणि शांत असतं. मिस्त्रींची पोरं येऊन होडी ट्रॉलीवर चढवून गेली. वाटी गोळ्यावर बसली तेव्हा खट्ट असा घट्ट आवाज झाला, बाबांनी साखळी अडकवली. आई घावनांचा डबा घेऊन बाहेर आली. मी नेहमीसारखी मागे डावीकडे शिरले. आई पुढचं दार उघडून थांबली. मग ते लावून टाकलं, मागे आली आणि उजवीकडे बसली. विनूच्या जागेवर. नव्या पाट्यावर गाडी किंचित दबली. बाबांनी आरशातून पाहिलं आणि किल्ली फिरवली.

वाटेत उसाचे ट्रक. बाबा एकाच्या मागे लागले ते लागलेच. मागे होडी, त्यामुळे गाडी जड, ट्रकचा धूर आत. कितीतरी वेळ असंच चाललं. मी शेजारी बघितलं तर आई जागी होती. तिने काच खाली केली, पदर डोक्याला घट्ट गुंडाळला आणि अर्धी बाहेर डोकावली. घराबाहेर कधी मोठ्याने न बोललेली बाई ओरडली, "मोकळं! निघा!" बाबांचे खांदे एकदम वर गेले. गाडी बाहेर काढली त्यांनी. मी मागच्या काचेतून पाहिलं, जबलपूर, कोटा, डेहराडून असं लिहिलेली ती होडी ट्रकला वळसा घालून आमच्या मागे आली.

ट्रॉली उलटी करून पाण्यापर्यंत नेली. दोन कोळी मदतीला आले. होडी सरकली, पाण्यात टेकली, हलली आणि तरंगली. एक थेंब आत आला नाही. फक्त उजव्या अंगाला ती थोडी कललेली होती. बाबा म्हणाले, "त्या बाजूच्या फळ्या सागवानी. वजन जास्त." आईने डब्यातली घावनं पानात बांधली होती, एकाचा वाटा वेगळा. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने तो होडीत ठेवला. म्हणाली, "भूक लागेल वाटेत."

आता फक्त दोर उरला. तो बाबांच्या हातात. प्रवाह ओढत होता, दोर ताणला होता आणि बाबा सोडत नव्हते. "सोडा," आई म्हणाली. त्यांनी मान हलवली. "तरंगतेय ती," म्हणाले. "बघ ना. तरंगतेय." आणि तो माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "लावला असता गं हूक. तेव्हाच लावला असता." आई त्यांच्यासमोर उभी राहिली, ओल्या लुगड्यात. रागाचा लवलेशही नव्हता तिच्या तोंडावर. तिने त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट उघडलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं. दोर सुटला. होडी वळली आणि गेली, वळणापर्यंत उजवीकडे कललेली दिसत होती.

येताना रिकामी ट्रॉली सगळ्या रस्त्याने खडखडत आली.

बाबा निवृत्त होऊन चंदीगडलाच राहिले. गावी जाऊ या असं आई म्हणायची, ते टाळायचे. गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला तो हूक लागायचा, तरी काढू दिला नाही. गाडी भंगारात गेली तेव्हा पोलादी गोळा मात्र त्यांनी स्वतः पाना लावून काढून घेतला. आता तो माझ्या खिडकीत आहे. मी त्याला कधी गंज चढू देत नाही.

बाबांचा दहावाही घग्गरच्या काठावरच झाला. विधी माझ्या यजमानांनी केले. ते शिरसाचं झाड अजून होतं, त्यावर कावळेही होते. एकही उतरला नाही. यजमान म्हणाले, आईंना सांभाळू. मी म्हटलं, बाबा, मी सुखात आहे. ऊन चढलं. सगळे आईकडे बघायला लागले. ती वाळूत बसली होती, झाडाकडे तोंड करून.

"त्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे," शेवटी म्हणाली. "ते तेव्हाच व्हायला हवं होतं, आता कबूल करता येण्यासारखं नाही. दर्भाचा करा."

मग दर्भाचा कावळा केला.